हंसातला एक मंद तारा

ऑक्टोबरच्या सुरुवातीला, चंद्र नसलेल्या रात्री, अंधार पुरता दाटला की हंस हा तारकासमूह आकाशात खूप उंचावर आलेला असतो. आकाशगंगेचा फिकट पट्टा त्याच्या मानेवरून, छातीवरून आणि शेपटीवरून वाहत गेलेला दिसतो, आणि शेपटीच्या टोकाशी डेनेब हा तारा असा तळपत असतो की त्याच्या आसपास आणखी काही पाहण्यासारखे असेल, असे सहसा कोणाच्या मनातही येत नाही. मी मात्र गेली बारा वर्षे त्याच भागातल्या एका मंद ताऱ्याकडे पुन्हा पुन्हा वळते आहे. त्याला परंपरेने आलेले नाव नाही. उजळ ताऱ्यांना मिळालेले ग्रीक अक्षरही त्याच्या वाट्याला आलेले नाही. हंसातले तारे पश्चिमेकडून पूर्वेकडे ओळीने मांडले असता त्याला जो क्रमांक मिळाला, तेवढीच त्याची ओळख आहे : ६१ हंस. जॉन फ्लॅमस्टीड या इंग्लिश ज्योतिर्विदाच्या तारकायादीवरून आलेले हे क्रमांक आजही वापरात आहेत.

तो शोधण्यासाठी मला सर्वांत भरवशाची वाटलेली खूण भूमितीची आहे. डेनेब, हंसाच्या छातीवरचा सदर आणि पूर्वेकडच्या पंखावरचा एप्सिलॉन हे तीन तारे नुसत्या डोळ्यांना ठळक दिसतात. डेनेब ते सदर ही एक बाजू आणि सदर ते एप्सिलॉन ही दुसरी बाजू धरून मनातल्या मनात समांतरभुज चौकोन पुरा केला, की त्याचा चौथा कोपरा जवळजवळ नेमका ६१ हंसावर पडतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्या कोपऱ्यात काहीच नाही असे वाटते. त्याच्या पूर्वेला साधारण दोन अंशांवर टाऊ आणि सिग्मा हे दोन तारे एकमेकांजवळ आहेत आणि ते त्याच्याहून उजळ असल्यामुळे नजर तिकडेच ओढली जाते. पहिल्या दोन रात्री मी टाऊलाच ६१ समजून चालले होते. तिसऱ्या रात्री नकाशावरची अंतरे बोटांनी मोजून आकाशाशी ताडून पाहिली, तेव्हा माझी चूक माझ्या लक्षात आली.

या ताऱ्याची दृश्य प्रत ४.८ आहे. ताऱ्यांच्या तेजाच्या या मापात आकडा वाढत जातो तसा तारा मंद होत जातो, आणि चांगल्या अंधारात चांगल्या नजरेला साधारण सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. म्हणजे ६१ हंस मर्यादेच्या आतच आहे, परंतु दिव्यांच्या उजेडाने फिकटलेल्या आकाशात तो पुसला जातो. उजेडातून अंधारात आल्यावर डोळ्याची बाहुली काही क्षणांतच मोठी होते. दृष्टिपटलावरील दंडपेशींमध्ये प्रकाशाला संवेदनशील असलेले रंगद्रव्य पुन्हा साठायला मात्र अर्धा तास तरी लागतो. तेवढा वेळ शांतपणे बसून राहण्याची तयारी हीच मंद तारा पाहण्याची खरी पूर्वतयारी आहे, असे माझे मत आहे. मध्येच कोणी मोबाइलचा पडदा उजळला, तर ती साठवण क्षणात वाया जाते आणि पुन्हा पहिल्यापासून वाट पाहावी लागते.

वाट पाहून झाल्यावरही ताऱ्याकडे रोखून पाहणे उपयोगाचे नसते. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी, जिथे रोखून पाहिलेल्या वस्तूची प्रतिमा पडते, तिथे दंडपेशी नसतात. म्हणून नजर ताऱ्यापासून थोडी बाजूला, समजा टाऊ आणि सिग्मा यांच्याही पलीकडे, ठेवायची आणि लक्ष मात्र रिकाम्या वाटणाऱ्या कोपऱ्यावर ठेवायचे. नजर एकीकडे आणि लक्ष दुसरीकडे ठेवणे सुरुवातीला अवघड जाते. पण ते जमले की चौकोनाच्या चौथ्या कोपऱ्यात एक बारीकसा ठिपका उमटतो, रोखून पाहिले की नाहीसा होतो आणि नजर सरकवली की परत येतो. त्याला रंग नसतो, कारण दंडपेशींना रंग ओळखता येत नाहीत. त्या तिसऱ्या रात्री मला तो असा तीन-चार वेळा दिसला, आणि दर वेळी तो त्याच जागी होता म्हणून माझा विश्वास बसला.

दुर्बिणीतून चित्र पालटते. तिपाईवर घट्ट बसवलेल्या दहापट द्विनेत्री दुर्बिणीतून नीट पाहिले, तर हा एक तारा नसून दोन तारे शेजारी-शेजारी असल्याचे दिसते. त्यांच्यातले अंतर सुमारे ३१ विकला आहे. एक अंश म्हणजे ३,६०० विकला हे लक्षात घेतले, तर ते फारच थोडे वाटते. पण जोडताऱ्यांच्या जगात हे अंतर ऐसपैस म्हणावे लागेल. उजळ ताऱ्याची प्रत ५.२ आणि दुसऱ्याची सुमारे ६ आहे. माझ्या १५ सेंटिमीटर आरशाच्या परावर्ती दुर्बिणीत प्रकाश भरपूर गोळा होतो, त्यामुळे डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी कामाला लागतात आणि दोन्ही तारे स्पष्ट नारिंगी दिसतात. एक जरा पिवळसर नारिंगी, दुसरा किंचित गडद. नुसत्या डोळ्यांना राखाडी दिसलेला ठिपका असा उघडतो, तेव्हा मला दर वेळी मनापासून आनंद होतो, आणि बारा वर्षांत तो कमी झालेला नाही.

आता या जोडीपासून दुर्बीण काही अंश सरकवून डेनेबवर आणावी. डेनेब आपल्याला पहिल्या प्रतीचा, पांढराशुभ्र, डोळे दिपवणारा दिसतो. त्याचे अंतर मोजणे अवघड असल्याने त्याविषयीचे अंदाज सुमारे दीड हजार ते अडीच हजार प्रकाशवर्षे असे पसरलेले आहेत. ६१ हंसाचे अंतर आहे फक्त ११.४ प्रकाशवर्षे. पृथ्वी आणि सूर्य यांच्यातले अंतर एक मीटर मानले, तर ही नारिंगी जोडी सुमारे ७२० किलोमीटरवर येते आणि डेनेब लाखभर किलोमीटरवर किंवा त्याहून पलीकडे जातो. डेनेब या जोडीच्या जागी आणून ठेवला, तर त्याच्या प्रकाशात रात्री वस्तूंच्या सावल्या पडतील. उलट ही जोडी डेनेबच्या अंतरावर नेली, तर माझ्या दुर्बिणीतूनही ती दिसणार नाही. खगोलाच्या उत्तर गोलार्धात नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या ताऱ्यांमध्ये ६१ हंस आणि प्रश्वा हे दोघे आपल्याला सर्वांत जवळचे आहेत, आणि त्या दोघांच्या अंतरांत फरक जवळजवळ नाहीच. प्रश्वा आकाशातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्यांमध्ये गणला जातो. ६१ हंस मात्र शोधावा लागतो. आकाशाकडे पाहताना जे उजळ ते जवळचे, असे आपले डोळे न सांगता गृहीत धरतात. हे गृहीतक चुकीचे आहे हे पुस्तकात वाचणे निराळे, आणि दुर्बीण काही अंश फिरवून दोन्ही तारे पाठोपाठ पाहणे निराळे.

हे अंतर माणसाला कळले कसे, याची हकीकत या ताऱ्याशीच जोडलेली आहे, आणि मी त्याच्या नादी लागण्याचे ते मोठे कारण आहे. कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ मध्ये प्रसिद्ध झाला. पृथ्वी खरोखर सूर्याभोवती फिरत असेल, तर सहा महिन्यांच्या अंतराने कक्षेच्या दोन टोकांवरून पाहताना जवळचे तारे दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर किंचित सरकलेले दिसले पाहिजेत. या भासमान सरकण्याला पराशय म्हणतात. तो कोणालाच सापडत नव्हता. टायको ब्राहीसारख्या निष्णात वेधकाराने पृथ्वीचे फिरणे नाकारताना हे एक कारण पुढे केले होते. जेम्स ब्रॅडलीने पराशय शोधण्यासाठी कालेय तारकासमूहातल्या एका ताऱ्याचे काटेकोर वेध घेतले, आणि त्यातून त्याला सापडले ते प्रकाशाचे अपेरण, म्हणजे पृथ्वीच्या वेगामुळे ताऱ्याचा प्रकाश किंचित कललेल्या दिशेने येताना दिसणे, जे त्याने १७२८ च्या सुमारास स्पष्ट केले. पृथ्वी फिरते याचा तो मोठाच पुरावा होता, पण पराशय तरीही हुलकावणी देत राहिला. अडचण कोनाच्या सूक्ष्मतेची होती. ६१ हंसाचा पराशय, म्हणजे या एकूण सरकण्याचा निम्मा भाग, ०.२९ विकला आहे. सव्वासात किलोमीटरवर ठेवलेली एक सेंटिमीटरची पट्टी जेवढा कोन करील, तेवढा.

कोणता तारा जवळचा आहे हे आधी माहीत असल्याशिवाय कोणाचे वेध घ्यायचे, हाही प्रश्न होताच. उजळ तारे जवळचे असावेत, या समजुतीने बरेच प्रयत्न झाले. इथे पालेर्मो वेधशाळेतल्या जोसेप्पे पियाझीच्या कामाचा उपयोग झाला. १ जानेवारी १८०१ रोजी सेरेस हा बटुग्रह शोधणारा तो हाच पियाझी. ताऱ्यांच्या जागा वर्षानुवर्षे नोंदवत असताना त्याला दिसले की ६१ हंस हा तारा आपल्या शेजाऱ्यांच्या तुलनेत झपाट्याने जागा बदलतो आहे : वर्षाला पाच विकलांहून अधिक. ताऱ्याच्या या स्वतःच्या सरकण्याला निजगती म्हणतात आणि पराशयाशी तिचा संबंध नसतो. पराशयामुळे तारा वर्षभरात पुढे-मागे होऊन जागेवर येतो, तर निजगतीमुळे तो एकाच दिशेने जात राहतो. पियाझीने हे निरीक्षण १८०४ मध्ये मांडले आणि या मंद ताऱ्याला 'उडता तारा' ही ओळख मिळाली. रस्त्यावरून जाणारे वाहन क्षणात नजरेआड होते आणि क्षितिजावरचे वाहन जागचे हलत नसल्यासारखे वाटते, त्याच न्यायाने झपाट्याने सरकणारा तारा जवळचा असण्याची शक्यता अधिक.

फ्रीड्रिख बेसेलने हा न्याय मनावर घेतला. तरुणपणी ब्रेमेनमधल्या एका व्यापारी पेढीत उमेदवारी करणारा हा माणूस स्वतःच्या अभ्यासावर ज्योतिर्विद झाला आणि पुढे केनिग्सबर्गच्या वेधशाळेचा प्रमुख झाला. त्याच्याकडे फ्राउनहोफर या जर्मन भिंगकाराच्या कारखान्यात बनलेला एक हेलिओमीटर होता. या यंत्राची रचना मला फार सुंदर वाटते. त्याचे वस्तुभिंग मधोमध कापून दोन अर्ध केलेले असतात आणि ते अर्ध स्क्रूच्या साहाय्याने कापाच्या रेषेवर एकमेकांपासून सरकवता येतात. प्रत्येक अर्ध स्वतःची प्रतिमा तयार करतो. एका अर्धातून येणारी एका ताऱ्याची प्रतिमा दुसऱ्या अर्धातून येणाऱ्या दुसऱ्या ताऱ्याच्या प्रतिमेवर आणून बसवायची, आणि त्यासाठी स्क्रू किती फिरवावा लागला त्यावरून दोन ताऱ्यांमधले कोनीय अंतर काढायचे. बेसेलने ६१ हंसाच्या आसपासचे दोन मंद तारे तुलनेसाठी निवडले. ६१ हंस जोडतारा असल्याचा त्याला येथे फायदा झाला, कारण तुलनेच्या ताऱ्याची प्रतिमा जोडीच्या नेमक्या मध्यावर आणणे डोळ्याला बिनचूक साधते. एका ठिपक्यावर दुसरा ठिपका चढवण्यापेक्षा दोन ठिपक्यांच्या मधोमध तिसरा बसवणे पारखायला सोपे.

ऑगस्ट १८३७ पासून वर्षाहून अधिक काळ, हवा साथ देईल त्या रात्री, तो हे मोजत राहिला. १८३८ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने जॉन हर्शेलला पत्र लिहून निष्कर्ष कळवला : पराशय ०.३१४ विकला, म्हणजे अंतर सुमारे १०.३ प्रकाशवर्षे. आजच्या मापाशी ताडून पाहिले तर त्याची चूक दहा टक्क्यांच्या आतबाहेर होती. विल्हेल्म स्ट्रूव्हने त्याआधी १८३७ मध्ये अभिजितचा पराशय जाहीर केला होता आणि तो आकडा आजच्या मापाच्या अगदी जवळचा होता. परंतु पुढे त्यानेच तो जवळजवळ दुप्पट करून सुधारला, त्यामुळे लोकांचा विश्वास डळमळला. टॉमस हेंडरसनने दक्षिण गोलार्धातून मित्र या ताऱ्याचे वेध बेसेलच्या आधीच घेतले होते, पण त्याचे गणित १८३९ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिला कोण यावर मला वाद घालावासा वाटत नाही. तिघांचेही काम थोर आहे. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की संशय उरू नये इतकी काटेकोर मोजणी एका अशा ताऱ्याची झाली, ज्याच्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहणारा कोणीही दुसऱ्यांदा वळून पाहणार नाही.

माझी स्वतःची गोष्ट याहून पुष्कळ लहान आहे. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये मी जोडताऱ्यांची चित्रे काढायला शिकत होते. रीत साधी आहे. वहीत कंपासाने एक वर्तुळ आखायचे, ते दुर्बिणीचे दृश्यक्षेत्र मानायचे, आणि लाल कागद लावलेल्या मंद दिव्याच्या उजेडात, नेत्रिकेतून जे दिसेल ते त्याच प्रमाणात पेन्सिलीने उतरवायचे. मी १२ सेंटिमीटरचे वर्तुळ घेतले होते आणि जवळजवळ दोनशेपट विवर्धन लावले होते. मधोमध नारिंगी जोडी, भोवती सात-आठ पार्श्वतारे. त्यातले काही इतके मंद की नजर बाजूला ठेवूनच दिसावेत. दुर्बीण स्थिर ठेवली की तारे दृश्यक्षेत्रातून ज्या बाजूला निसटतात ती पश्चिम, एवढी खूण वर्तुळाच्या कडेला केली, तारीख आणि वेळ लिहिली आणि वही मिटली. त्या चित्राचा पुढे काही उपयोग होईल असे तेव्हा मनात नव्हते. पश्चिमेची खूण केली हे माझे भाग्य, कारण ती नसती तर ते चित्र नंतर कशाशीही ताडता आले नसते.

निजगतीची हकीकत मी सविस्तर वाचली ती तीन वर्षांनंतर. वर्षाला पाच विकला म्हणजे पूर्णचंद्राच्या बिंबाएवढे अंतर सरकायला साडेतीनशे वर्षे, असा हिशेब मांडल्यावर प्रथम वाटले की हे एका आयुष्यात दिसण्यातले नाही. मग वहीतले चित्र आठवले. चंद्राचे माप इथे कशाला हवे? या ताऱ्यापाशी त्याचे स्वतःचे माप आहे, त्याच्या जोडीतले अंतर. ३१ विकला सरकायला त्याला फक्त सहा वर्षे लागतात. त्याच वर्षी, २०१६ मध्ये, मी उत्साहाने दुसरे चित्र काढले. जोडी थोडी सरकल्यासारखी वाटली, पण मला जे दिसायला हवे होते तेच मी काढले की काय, अशी शंका राहिली. जोडीतल्या अंतराच्या निम्मी सरक अपेक्षित होती आणि माझा हात तेवढा नेमका नाही. शंका असलेले चित्र पुरावा म्हणून ठेवणे मला पटले नाही. मी त्यावर तसे लिहून ठेवले आणि आणखी वाट पाहायचे ठरवले.

पुढचे चित्र मी २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये काढले. मधल्या वर्षांत तारा अनेकदा पाहिला, पण पेन्सिल हातात घेतली नाही, आणि आधीची चित्रे उघडूनही पाहिली नाहीत, कारण जुने चित्र डोळ्यांपुढे असले की हात त्याच्याकडे झुकतो. तीच दुर्बीण, तीच नेत्रिका, तेवढेच वर्तुळ. त्या रात्री दंव पडत होते आणि नेत्रिकेवर वारंवार वाफ धरत होती, म्हणून चित्राला दोन तास लागले. पार्श्वतारे आधी काढले, एकमेकांशी होणारे त्यांचे त्रिकोण पुन्हा पुन्हा पारखले, आणि जोडी सर्वांत शेवटी बसवली. दुसऱ्या दिवशी उजेडात पहिले चित्र पातळ ट्रेसिंग कागदावर उतरवून घेतले आणि नव्या चित्रावर ठेवले. पश्चिमेच्या खुणा जुळवल्या, मग पार्श्वतारे एकमेकांवर येईपर्यंत कागद हळूहळू फिरवला. एक सोडून सगळे मिलिमीटरभराच्या आत जुळले. जोडी जुळली नाही. ती जुन्या जागेपासून ईशान्येकडे, दोन ताऱ्यांना जोडणाऱ्या रेषेशी जवळजवळ काटकोनात, सरळ ७ मिलिमीटर सरकलेली होती.

मी तो कागद बराच वेळ तसाच धरून बसले. ज्याला लहानपणापासून 'स्थिर तारे' म्हणत आले, त्यातला एक माझ्या वहीत, माझ्याच हाताने काढलेल्या दोन चित्रांमध्ये, जागा सोडून गेला होता. दोन्ही ताऱ्यांची सरक सारखीच होती, एकाच दिशेने आणि एकाच मापाने. म्हणजे ते योगायोगाने एका रेषेत दिसणारे दोन अनोळखी तारे नसून एकत्र प्रवास करणारी खरी जोडी आहे, हेही त्याच कागदावर दिसत होते. हिशेब केला तो असा : चित्रात जोडीतले अंतर ४ मिलिमीटर, सरक ७ मिलिमीटर, म्हणजे पावणेदोन पट, म्हणजे सुमारे ५५ विकला. बारा वर्षांनी भागले तर वर्षाला साधारण साडेचार विकला. खरा आकडा सव्वापाचच्या जवळ आहे. माझी चूक दहा टक्क्यांहून अधिक भरली, आणि ती तशीच नोंदवली आहे.

हे करताना बेसेलच्या कामाची जी कल्पना आली ती वाचून आली नव्हती. पराशयामुळे हा तारा वर्षभरात जास्तीत जास्त ०.५७ विकला इकडचा तिकडे होतो. माझ्या चित्राच्या प्रमाणात ते अंतर मिलिमीटरचा चौदावा भाग होते, म्हणजे माझ्या पेन्सिलीच्या ठिपक्याहूनही कितीतरी लहान. निजगती वर्षानुवर्षे साठत जाते, म्हणून वाट पाहणाऱ्याला ती कधीतरी सापडते. पराशय साठत नाही. तो दर वर्षी होता तेवढाच असतो, आणि तो पकडायचा तर मोजणीच तितकी बारीक करावी लागते. बेसेलला तर सतत पुढे जाणारी निजगती वेगळी काढून, तिच्या पोटात दडलेले हे पुढे-मागे होणे शोधायचे होते. ते त्याने डोळ्याने, स्क्रूने आणि कागदावरच्या गणिताने शोधले.

प्रत्यक्षात हे दोन्ही तारे सूर्याहून लहान आणि थंड असे नारिंगी खुजे तारे आहेत. त्यांची वस्तुमाने सूर्याच्या सुमारे ७० आणि ६३ टक्के आहेत, आणि दोघांचा प्रकाश एकत्र केला तरी तो सूर्यप्रकाशाच्या पाव भागाएवढा होत नाही. ते एकमेकांभोवती फिरतात, पण एका फेरीला साडेसहाशे ते सातशे वर्षे लागतात. १७५३ मध्ये ब्रॅडलीने ही जोडी नोंदवली तेव्हापासून आजवर तिची निम्मी फेरीही झालेली नाही, त्यामुळे माझ्या बारा वर्षांत तिचे वळण दिसण्याची अपेक्षाच नव्हती. उजळ ताऱ्यावर सूर्यासारखे चुंबकीय सक्रियतेचे चक्र चालते आणि ते सुमारे सात वर्षांचे आहे. आपल्या सूर्याचे साधारण अकरा वर्षांचे असते. १९४० च्या दशकात या जोडीपाशी एक अदृश्य ग्रह असल्याचा दावा झाला होता, पण नंतरच्या अधिक काटेकोर मोजणीत तो टिकला नाही. ग्रहाचा शोध आजही लागलेला नाही, आणि मला त्याची खंत वाटत नाही. ग्रह असला तरच तारा पाहण्याच्या योग्यतेचा, असे मी मानत नाही.

ही जोडी आपल्याकडे येतेही आहे. आडव्या दिशेने तिचा वेग सेकंदाला सुमारे ८७ किलोमीटर आहे आणि त्याच वेळी ती सेकंदाला ६५ किलोमीटर वेगाने जवळ येते आहे. अठरा-एकोणीस हजार वर्षांनी ती आपल्यापासून सुमारे नऊ प्रकाशवर्षांवर येईल आणि मग दूर जाऊ लागेल. तेव्हाही तिचे तेज आजच्यापेक्षा अर्ध्या प्रतीनेच वाढलेले असेल, म्हणजे त्या काळी पाहणाऱ्यालाही ती अंधारात बसून शोधावीच लागेल, फक्त हंसाच्या समांतरभुज चौकोनाचा चौथा कोपरा तिने केव्हाच सोडलेला असेल.

कोणाला हे स्वतः करून पाहायचे असेल, तर माझा आग्रह दोनच गोष्टींचा आहे. दर चित्रावर पश्चिमेची खूण हवी, आणि चित्र काढण्यापूर्वी जुने चित्र पाहायचे नाही. दुर्बीण मोठी असण्याची गरज नाही. जोडी सुटी दिसेल आणि भोवतीचे पाच-सहा मंद तारे दिसतील एवढी पुरे. आज पहिले चित्र काढणाऱ्याला सहा वर्षांनी जोडीच्या अंतराएवढी सरक दिसेल, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे त्याहून कमी वेळात केलेल्या मोजणीवर विसंबू नये. माझ्या वहीत २०२५ च्या चित्रापुढच्या पानावर तेवढेच वर्तुळ आखून ठेवले आहे. त्याच्या कोपऱ्यात २०३१ असे लिहिले आहे, आणि २०१३ चा ट्रेसिंग कागद घडी करून एका पाकिटात बंद केला आहे.